उमेदवारी कोणाच्या हातीं?

विधानसभेच्या निवडणुकीचे अर्ज भरण्याची मुदत ज्या दिवशीं संपते, त्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर एका कागदाची वाट पाहणारे लोक हमखास दिसतात. या कागदास बोलण्यांत 'एबी फॉर्म' म्हणतात. वास्तविक हे दोन कागद आहेत. 'ए' नमुन्यांत पक्ष असें कळवितो कीं, उमेदवारांचीं नांवें देण्याचा अधिकार अमुक व्यक्तीस आहे; आणि 'बी' नमुन्यांत ती व्यक्ति लिहून देते कीं, या मतदारसंघांतील पक्षाचा उमेदवार अमुक. १९६८ च्या निवडणूक चिन्हविषयक आदेशाप्रमाणें हे दोन्ही कागद शाईच्या सहीनिशीं वेळेच्या आंत पोंचले, तरच पक्षाचें चिन्ह उमेदवारास मिळतें. पिंपरी, चिंचवड आणि भोसरी हे तीन मतदारसंघ घ्या, अथवा चाकणचे कारखाने ज्यांत मोडतात तो खेड-आळंदीचा घ्या. लाखो मतदार पुढें ज्या दोन-तीन प्रमुख नांवांतून एक निवडणार, तीं नांवें या कागदांनीं ठरलेलीं असतात. मतदानाच्या दिवशीं मतदार हा राजा असतो, असें म्हणण्याची चाल आहे. परंतु राजापुढें कोणतीं ताटें मांडावयाचीं, हें मुदपाकखान्यांत अगोदरच ठरून गेलेलें असतें.

या मुदपाकखान्याचे नियम कोणते, असें विचारल्यास उत्तर थोडक्यांत मिळतें : कायद्यांत ते नाहींत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत अर्ज केव्हां भरावा, छाननी केव्हां व्हावी, माघार केव्हांपर्यंत घ्यावी, हें बारकाईनें सांगितलें आहे. अधिसूचना निघाल्यापासून सातवा दिवस हा अर्जाचा शेवटचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशीं छाननी. आणि छाननीनंतर दोन दिवसांनीं माघारीची मुदत संपते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात. १९८९ पासून पक्षांना नोंदणी करतांना राज्यघटनेशीं आणि लोकशाहीच्या तत्त्वांशीं निष्ठा लिहून द्यावी लागते. परंतु उमेदवार कोणीं, कोणत्या सभेंत आणि किती मतांनीं ठरवावा, याविषयीं कायदा मौन धरून आहे. पक्षांच्या अंतर्गत कारभारांत लोकशाही असावी व तिला कायद्याचें बंधन असावें, अशी शिफारस विधि आयोगानें १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालांत केली होती; ती कायद्यांत उतरली नाहीं.

म्हणून प्रत्येक पक्ष आपापल्या रीतीनें चालतो. इच्छुकांचे अर्ज मागविले जातात, मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, लोकांचा कल पाहिला जातो. आणि शेवटीं मुंबईस किंवा दिल्लीस यादी तयार होते. ही चाल आजची नव्हे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत काँग्रेसच्या उमेदवारांवर अखेरची नजर पक्षाच्या पार्लमेंटरी बोर्डाची असे, आणि त्या बोर्डाचें अध्यक्षपद वल्लभभाई पटेल यांच्याकडे होतें. स्वातंत्र्याच्या लढ्यांत एका हुकमानें चालणाऱ्या संघटनेस ही पद्धति सोयीची होती. लढा संपला, पक्ष अनेक झाले. पद्धति मात्र तीच राहिली.

उमेदवार निवडण्याची याहून अगदीं निराळी रीत अमेरिकेंत आहे, आणि ती समजून घेतली म्हणजे आपल्याकडील रीतीचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात. तेथेंही एके काळीं पक्षाचे पुढारी बंद खोलींत बसून उमेदवार ठरवीत. अध्यक्षपदाच्या उमेदवाराचें नांव पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांत निश्चित होई. पण त्या अधिवेशनास कोणते प्रतिनिधि जावयाचे, हें राज्याराज्यांतील वजनदार मंडळी ठरवीत. १९०३ सालीं विस्कॉन्सिन राज्यानें, गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकारानें, राज्यांतील पदांसाठीं पक्षाचे उमेदवार मतदारांनींच मतपेटींतून निवडावेत असा कायदा केला, व पुढच्या वर्षीं लोकांनीं मतदानानें त्यास मान्यता दिली. १९१० सालीं ओरेगॉन राज्यानें अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयींही मतदारांची पसंती नोंदविण्याची सोय केली. 'प्रायमरी' म्हणजे प्राथमिक निवडणूक, ती हीच.

या नव्या पद्धतीची पहिली मोठी कसोटी १९१२ सालीं लागली. रिपब्लिकन पक्षांत त्या वेळचे अध्यक्ष टॅफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यांत उमेदवारीची झुंज लागली. ज्या थोड्या राज्यांत प्राथमिक निवडणुका झाल्या, त्यांपैकीं बहुतेक रूझवेल्ट यांनीं जिंकल्या. परंतु अधिवेशनावर पक्षयंत्राची पकड होती. उमेदवारी टॅफ्ट यांस मिळाली. रूझवेल्ट यांनीं वेगळा पक्ष काढून निवडणूक लढविली. पक्षाचीं मतें दुभंगलीं आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन शेंकडा बेचाळीसच्या आसपास मतें मिळवून अध्यक्ष झाले. विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांच्या वांट्यास अवघीं दोन राज्यें आलीं. महाराष्ट्रांतील वाचकास या गोष्टींत कांहींच परकें वाटणार नाहीं. आपल्याकडे तिला बंडखोरी म्हणतात.

तरीही पुढें पन्नासाहून अधिक वर्षें प्राथमिक निवडणुका या पुष्कळशा शोभेच्याच राहिल्या. १९६८ सालीं ह्यूबर्ट हम्फ्री यांनीं एकही प्राथमिक निवडणूक न लढवितां डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध उसळलेले तरुण आणि पोलीस यांची शिकागोच्या रस्त्यांवर त्याच अधिवेशनाच्या वेळीं चकमक झाली. आपलें कोणी ऐकत नाहीं, ही भावना पक्षास परवडणारी नव्हती. त्यानंतर नेमलेल्या समितीनें नियम बदलले, आणि १९७२ पासून अधिवेशनाचे प्रतिनिधि मुख्यत्वें लोकांच्या मतानें ठरूं लागले.

ही निवड दोन तऱ्हांनीं होते. पहिली प्राथमिक निवडणुकीची. ती राज्य सरकार चालवितें. मतदान केंद्र, मतपत्रिका, गुप्त मतदान, सारें नेहमींप्रमाणें. कांहीं राज्यांत त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदारच मत देऊं शकतात. कांहीं ठिकाणीं कोणाही मतदारास कोणत्याही एका पक्षाच्या निवडणुकींत भाग घेतां येतो. दुसरी तऱ्हा 'कॉकस'ची, म्हणजे मोहल्ल्याच्या सभेची. ती पक्ष स्वतः भरवितो. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या घटकेस शेजारपाजारचे लोक शाळेंत किंवा चर्चच्या दालनांत जमतात, आपापल्या उमेदवाराच्या बाजूनें बोलतात आणि मग कौल देतात. आयोवा राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेंत २०२० पर्यंत लोक आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नांवाच्या कोपऱ्यांत उभे राहत आणि डोकीं मोजलीं जात. ज्या गटांत सामान्यतः शेंकडा पंधराहून कमी माणसें असत, त्यांना दुसऱ्या गटांत जाण्याची मुभा असे. रिपब्लिकन पक्षाच्या सभेंत चिठ्ठीवर नांव लिहून देतात.

सभेची रीत दिसावयास फार गोड आहे. शेजारी शेजाऱ्यास समजावून सांगतो, याहून लोकशाहीचें सुंदर चित्र कोणतें? पण या चित्रांत एक माणूस दिसत नाहीं. आयोवांतील सभा संध्याकाळीं सातच्या ठोक्याला सुरू होतात. त्या वेळीं जो यंत्रापाशीं उभा आहे, रुग्णालयांत पाळीवर आहे, किंवा घरीं तान्हें मूल सोडून येऊं शकत नाहीं, त्याचें मत मोजलेंच जात नाहीं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत किंवा चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीस जाणाऱ्या कामगारास ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको. प्राथमिक निवडणुकींत दिवसभरांत केव्हांही मत देतां येतें. अमेरिकेंत बहुतेक राज्यें सभेकडून मतपेटीकडे वळलीं, त्याचें एक मोठें कारण हेंच.

मतदानानंतर राज्यांतील प्रतिनिधींची वांटणी होते. १५ जानेवारी २०२४ रोजीं आयोवांत रिपब्लिकन पक्षाच्या वांट्याचे ४० प्रतिनिधि होते. ट्रम्प यांना सुमारें निम्मीं मतें पडलीं व २० प्रतिनिधि मिळाले. डिसँटिस यांना ९, हेली यांना ८ आणि रामस्वामी यांना ३. ही प्रमाणशीर वांटणी झाली. रिपब्लिकन पक्षाच्या कांहीं राज्यांत याच्या उलट, जो पहिला येईल त्यास सगळेच प्रतिनिधि मिळतात. २०१६ सालीं फ्लॉरिडांतील सर्वच्या सर्व ९९ प्रतिनिधि ट्रम्प यांस मिळाले आणि त्याच राज्याचे सिनेटर मार्को रुबियो यांनीं शर्यत सोडली. २०२४ सालीं रिपब्लिकन पक्षाचे एकूण प्रतिनिधि २,४२९ होते. उमेदवारीसाठीं १,२१५ पाहिजे होते. जानेवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांतून ही बेरीज होत जाते आणि उन्हाळ्यांतील अधिवेशनांत तिच्यावर शिक्कामोर्तब होतें.

लहान राज्यांना यामुळें मोठें महत्त्व येतें. १९७६ सालीं आयोवांत सर्वांत अधिक लोकांनीं 'अद्याप कोणीच नाहीं' असा कौल दिला होता; पण नांव घेतलेल्या उमेदवारांत जिमी कार्टर पुढें होते. जॉर्जिया राज्याचे हे माजी गव्हर्नर देशास फारसे ठाऊक नव्हते. त्या एका रात्रीनें त्यांचें नांव घरोघर पोंचलें, आणि त्याच वर्षीं ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. आरंभींच्या राज्यांतून उमेदवार जिंकत नाहींत इतके गळतात. देणगीदार आणि वृत्तपत्रें मागें पडलेल्याकडे पाठ फिरवितात. हा मोठा दोषही आहे, कारण ज्या राज्यांची पाळी शेवटीं येते, त्यांच्यापुढें पुष्कळदां एकच नांव उरलेलें असतें.

या सर्व व्यवस्थेंत एक लहानसा नियम फार अर्थपूर्ण आहे. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत हरलेल्या माणसास त्याच पदासाठीं मुख्य निवडणुकींत दुसऱ्या पक्षाकडून किंवा अपक्ष म्हणून उभें राहतां येत नाहीं. अध्यक्षपदाच्या बाबतींत हा नियम सर्वत्र सारखा लागू नसला, तरी त्यामागील विचार सरळ आहे. भांडण करावयाचें तें घरांत, सर्वांच्या देखत आणि मतें मोजून करा. एकदां निकाल लागला म्हणजे तो माना.

आतां पिंपरी-चिंचवडकडे वळूं या. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीस उभा राहिला, मागोमाग मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, आणि १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या शहरास पिंपरी, चिंचवड आणि भोसरी हे तीन स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्यानंतरच्या निवडणुकांचा इतिहास पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. २००९ च्या पहिल्याच निवडणुकींत तीनपैकीं दोन जागा अपक्षांनीं जिंकल्या. चिंचवडची जागा आघाडीच्या वांटणींत काँग्रेसकडे गेली, तेव्हां लक्ष्मण जगताप अपक्ष उभे राहिले व निवडून आले. भोसरींत राष्ट्रवादी काँग्रेसचे तोंवरचे आमदार विलास लांडे यांनीं पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अपक्ष म्हणून विजय मिळविला. पांच वर्षांनीं, २०१४ सालीं, लांडे हेच पक्षाचे अधिकृत उमेदवार झाले. आणि या खेपेस त्याच पक्षाचे नगरसेवक महेश लांडगे यांनीं अपक्ष उभे राहून त्यांचा पराभव केला. म्हणजे जो काल बंडखोर होता तो आज अधिकृत झाला, आणि अधिकृत होतांच दुसऱ्या बंडखोराकडून हरला.

पिंपरींत २०१९ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसनें सुलक्षणा शीलवंत यांचें नांव जाहीर केलें. मग ऐन वेळीं एबी फॉर्म अण्णा बनसोडे यांस मिळाला आणि ते निवडून आले. २०२३ सालीं पक्ष दुभंगला. २०२४ सालीं याच दोन व्यक्ति पक्षाच्या दोन शाखांकडून एकमेकांसमोर उभ्या राहिल्या आणि बनसोडे विजयी झाले. चिंचवडची २०२३ ची पोटनिवडणूक तर उमेदवारीच्या प्रश्नाचा धडाच होय. लक्ष्मण जगताप यांच्या निधनानंतर भारतीय जनता पक्षानें त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांस उमेदवारी दिली. महाविकास आघाडीकडून जागा राष्ट्रवादी काँग्रेसला गेली व नाना काटे उभे राहिले. शिवसेनेंतून आलेले राहुल कलाटे अपक्ष लढले. अश्विनी जगताप यांना १,३५,६०३, काटे यांना ९९,४३५ आणि कलाटे यांना ४४,११२ मतें पडलीं. पराभूत दोघांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षां अधिक भरते. कलाटे यांचीं सगळीं मतें काटे यांनाच मिळालीं असतीं, असें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु दोघांपैकीं कोण अधिक लोकांना हवा होता, हें अगोदर विचारण्याची कोणतीही सोय नव्हती, एवढें निश्चित. पुढच्याच वर्षीं कलाटे यांना शरद पवार यांच्या पक्षाची उमेदवारी मिळाली, आणि ते भाजपचे शंकर जगताप यांच्याकडून एक लाखाहून अधिक मतांनीं पराभूत झाले.

या सर्व हकिगतींतून एकच अर्थ निघतो. प्राथमिक निवडणूक नाहीं म्हणून ती होत नाहीं, असें नव्हे. ती मुख्य निवडणुकींतच होते. पक्षांतील दोन दावेदारांचा जो निकाल चार महिने अगोदर पक्षाच्या मतदारांत लागावयाचा, तो येथें सर्व मतदारांच्या देखत आणि प्रतिपक्षाच्या उपस्थितींत लागतो. त्यांत पक्षाचें नुकसान होतेंच. पण मतदाराचेंही होतें, कारण कोणास निवडावें आणि कोणत्या पक्षास निवडावें हे दोन वेगळे प्रश्न त्याला एकाच मतानें सोडवावे लागतात. शिवाय अशी बंडखोरी करण्याची ऐपत ज्याच्यापाशीं पैसा, माणसें आणि गांवकीचें बळ आहे त्यालाच असते. वीस वर्षें सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यास ना यादींत जागा, ना बंडाची ताकद.

दुसरी एक गोष्टही विसरतां येत नाहीं. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें आमदारास सभागृहांत पक्षादेश मोडून मत देतां येत नाहीं. दिल्यास आमदारकी जाण्याची भीति असते. अमेरिकेंतील प्रतिनिधि पक्षाविरुद्ध मत देऊं शकतो, कारण त्याची उमेदवारी पुढाऱ्याच्या हातीं नसून त्याच्या मतदारांच्या हातीं असते. आपल्याकडे उमेदवारी देणारा हात आणि पक्षादेश काढणारा हात एकच असल्यामुळें, निवडून आलेला माणूस दोन्हीकडून बांधला जातो.

हा पेंच सोडविण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रानेंही पाहिला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं काँग्रेसनें, राहुल गांधी यांच्या कल्पनेप्रमाणें, देशांतील सुमारें पंधरा मतदारसंघांत अंतर्गत मतदानानें उमेदवार निवडले. त्यांत वर्धा आणि लातूर हे मतदारसंघ होते. मताधिकार सामान्य नागरिकांस नव्हता. पक्षाचे पदाधिकारी व निवडून आलेले प्रतिनिधि हेच मतदार होते. वर्ध्यास सागर मेघे, तर लातुरांत दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, आणि दोघेही मुख्य निवडणुकींत हरले. बडोद्यास या रीतीनें निवडलेल्या नरेंद्र रावत यांनीं, तेथें नरेंद्र मोदी उभे राहतात असें ठरल्यावर, मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठीं जागा सोडली. त्या वर्षीं वारेंच विरुद्ध होतें, म्हणून पराभवाचा दोष सर्वस्वी पद्धतीस देणें न्याय्य नव्हे. परंतु मतदार मूठभर आणि निकाल वरून बदलूं शकणारा, अशा स्थितींत लोकांचा विश्वास बसणें कठीणच होतें.

आपल्याकडे अमेरिकन नमुना जसाच्या तसा बसणार नाहीं, याचीं कारणेंही खरीं आहेत. तेथें अनेक राज्यांत मतदार आपला पक्ष सरकारी यादींत नोंदवितो. येथील मतदारयादींत पक्षाचा रकाना नाहीं, आणि तो असावा असें पुष्कळांस वाटणारही नाहीं. पक्षांच्या सदस्ययाद्या विश्वासार्ह आहेत असें पक्षही छातीठोकपणें सांगणार नाहींत. कारखान्यांमुळें येथें आलेल्या कित्येक कामगारांचीं नांवें अजून मराठवाड्यांतील, विदर्भांतील किंवा बिहारमधील आपल्या गांवच्या यादींत आहेत. चिंचवडसारख्या सहा लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघांत दोनदां निवडणूक म्हणजे दुप्पट खर्च; आणि प्राथमिक निवडणुकींत पैसेवाल्याचें पारडें जड होतें, हा अमेरिकेचाही अनुभव आहे. तेथें प्राथमिक मतदानास लोक थोडे येतात व त्यांत कडव्या मतांचे अधिक असतात, अशीही तक्रार आहे.

परंतु मतें मोजून माणूस निवडण्याची संवय या पट्ट्यांत नवी नाहीं. कामगार संघटनेचे प्रतिनिधि निवडतांना कामगार मत देतो. पतपेढीच्या संचालक मंडळासाठीं दोन पॅनेलें उभीं राहतात. गृहनिर्माण संस्थेच्या समितीवरूनही चुरस होते. हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशीं त्याच यंत्रापाशीं, त्याच जिन्यावर, जिंकलेल्यास भेटतो आणि काम पुढें चालतें. ज्या माणसास हें सारें जमतें, त्याला आपल्या पक्षाचा उमेदवार सुचवितां येणार नाहीं असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. सदस्यांची यादी चोख ठेवणें, ती महिनाभर अगोदर सर्वांस पाहूं देणें, पाळीवरील कामगारांस सोयीची वेळ ठेवणें, गुप्त मतदान घेणें, आणि निकाल लागल्यावर तो वरून न बदलणें, एवढ्या पांच गोष्टी कोणताही पक्ष कायद्याची वाट न पाहतां आज करूं शकतो. त्या झाल्या तर अर्जाच्या शेवटच्या दिवशीं कचेरीबाहेर उभ्या असलेल्या लोकांस कागदाची वाट पाहावी लागणार नाहीं; त्यावरचें नांव त्यांनींच आधीं लिहिलेलें असेल.